नदी किती खोल होती

वहीवाला माणूस सान्तियागोहून आलाय.
नवे बूट, वाळूत रुतताहेत.
विचारतो, एक्क्याण्णवच्या लढाईत
आकोंकाग्वाला पाणी किती होतं, एदुविहिसबाई?

मी म्हटलं, कुणासाठी?

मला, रिकाम्या हाताने, कमरेच्या वर चार बोटं.
डोक्यावर धुण्याची टोपली असली तरी तेवढंच,
फक्त पाऊल चाचपून टाकायचं.
पण त्यांच्या कमरेला दीडशे दीडशे काडतुसं,
हातात वर धरलेल्या नव्याकोऱ्या बंदुका,
आणि निम्मे तर उत्तरेकडच्या सोऱ्याच्या खाणीतले.
त्यांनी पाणी पाहिलेलं ते पिंपातलं,
मापाने विकत घेतलेलं.
ते पाणी कधी कुणाला ओढत नाही.
एकमेकांचे पट्टे धरून उतरले.
मधला एक सुटला की मागचे चार जात.
लिहा, खोल होती.

ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हिवाळा.
धुकं उठलं तशी जहाजं समुद्रातून टेकडीवर तोफा डागू लागली.
दोरीवरच्या चादरी दर आवाजाला आत ओढल्या जात,
फुगत, परत ओढल्या जात.
पार्लमेंटचं आणि अध्यक्षाचं काय बिनसलं होतं
ते तुमच्या वहीत असेल. मला एवढं माहीत,
की अध्यक्षाच्या बाजूने टेकडीवर माझा एलेउतेरियो होता.
सतरा वर्षांचा.
सान पेद्रोच्या जत्रेतून उचलून नेलेला.
सरकारी टोपी कानांवर यायची,
मी आत कागदाची घडी घालून दिली होती.

तो नेम कुणावर धरतोय, खालून दिसत नव्हतं.
मी नदीच्या तोंडाशी होडीच्या आकडीने माणसं ओढत होते.
पेलिकन जरा सरकायचे, जागा द्यायचे,
मी पुढे गेले की परत येऊन बसायचे.
अकरा काढली. तिघं बोलली.
एकाने विचारलं, पोचलो का पलीकडे?
हो म्हटलं.
त्याचे पाय अजून पाण्यात होते.

संध्याकाळी कैद्यांची रांग उतरली.
त्यात तो. टोपी गेलेली,
कागद मात्र घामाने कपाळाला चिकटून राहिलेला.
एका साहेबाने खोक्यातून लाल फिती काढल्या.
म्हणाला, दंडाला बांधा, आता तुम्ही आमचे.
झालं. एवढंच.
याचा दंड काटकुळा, फीत घसरायला लागली.
म्हणाला, आई, दोन टाके घाल ना.
मी चार घातले.
कोटही दिला त्याला कुणीतरी, ओलसर.
कोपरावर निळं ठिगळ होतं.
दुपारीच मी तो एकाच्या अंगातून सोडवून
कुंपणावर वाळत टाकला होता.
बोलले नाही. गारठा होता.

आठवड्याने प्लासियाची लढाई.
तिथे गेला तो, लाल फितीचा,
टेकडीवरून निसटलेल्या आपल्याच सोबत्यांसमोर.
परतला नाही.
मला निरोप सांगायला आलेला
फळांचे पैसे मागायला आलाय असं वाटलं आधी.

मग धुणं आलं, गठ्ठेच्या गठ्ठे, फितींसकट.
रंग स्वस्तातला. सगळ्याला लागला.
त्या वर्षी कोंकोनमध्ये चादरी, लंगोट,
पाद्रीबुवांच्या वेदीवरचं वस्त्र, सगळं फिकट गुलाबी.
लोक मला बोलले. बरोबर होतं त्यांचं,
वेगळं भिजवायला हवं होतं.
तीन उन्हाळे लागले जायला.

वहीवाला म्हणतो, स्मारक व्हायचंय.
दगड आलाय. नावांच्या दोन रांगा.
तुमच्या मुलाचं कोणत्या रांगेत घालू?

सकाळचं की संध्याकाळचं?

तो पेन्सिल ओठांवर टेकवून उभा राहिला.
बराच वेळ. बुटात पाणी शिरत होतं.
मला दया आली.
म्हटलं, पलीकडे जायचं असेल तर बूट काढा.
आज मांडीभर आहे.
वही डोक्यावर धरा,
आणि मध्येच थांबू नका.